सहीची प्रिंटिंग प्लेट: १/१ खरी, पण गिऱ्हाईक किती?

बेसबॉल कार्डांच्या बाजारातली ही एक वस्तू: जगात एकच नग (म्हणून १/१), वर खेळाडूची सही, आणि किंमत मात्र त्याच खेळाडूच्या सुपरफ्रॅक्टरच्या (सोनेरी चमकीच्या एकमेव कार्डाच्या) जेमतेम एका तुकड्याएवढी. सही असलेली प्रिंटिंग प्लेट पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं की बाजाराच्या नजरेतून काहीतरी सुटलंय. बाजाराच्या नजरेतून फारसं सुटलेलं नसतं. प्लेट स्वस्त आहे त्याला कारणं आहेत. ती माहीत असतील तरच त्यातल्या मोजक्या चांगल्या प्लेट्स वेगळ्या काढता येतात.

आधी वस्तू काय आहे ते. बेसबॉल कार्डं ऑफसेटवर छापतात. चित्र सायन, मॅजेन्टा, पिवळा आणि काळा अशा चार रंगांत फोडलं जातं आणि प्रत्येक रंगासाठी ॲल्युमिनियमचा एक पातळ पत्रा तयार होतो. त्याची जाडी साधारण ०.३ मिलिमीटर असते आणि वर प्रकाशाने बदलणारा लेप असतो. एका मोठ्या पत्र्यावर अनेक कार्डं शेजारी शेजारी बसवलेली असतात. छपाई संपली की हा पत्रा भंगारात जायचा. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात कंपन्यांना सुचलं की तोच पत्रा अडीच बाय साडेतीन इंचांत कापावा, पाठीला मजकुराचा स्टिकर लावावा आणि पाकिटात टाकावा. भंगाराचं एका रात्रीत दुर्मीळ वस्तूत रूपांतर झालं. धंदा म्हणून कल्पना झकासच.

गोम इथेच आहे. एका कार्डाच्या चार प्लेट्स असतात आणि चारींवर १/१ लिहिलेलं असतं. तांत्रिकदृष्ट्या ते खरं आहे, कारण सायनची प्लेट एकच असते. पण घेणाऱ्याच्या दृष्टीने ते १/४च आहे. काही संचांत कार्डाच्या पाठच्या बाजूच्या प्लेट्सही येतात. त्यांवर नुसती आकडेवारी आणि मजकूर असतो, त्यामुळे त्यांना भाव जवळजवळ नसतो.

आता पुरवठा मोजा. टॉप्स कंपनी वर्षभरात बेसबॉलचे कितीतरी संच काढते: सिरीज वन, सिरीज टू, अपडेट, क्रोम, हेरिटेज, स्टेडियम क्लब, ॲलन अँड गिंटर, फायनेस्ट, शिवाय होतकरू खेळाडूंची कार्डं काढणारी बोमन ही सगळी शाखा. समजा, एका खेळाडूची सही वर्षात आठ संचांत आली आणि आठांतही प्लेट्स होत्या. म्हणजे त्याच्या सहीच्या ३२ 'एकमेव' प्लेट्स एका वर्षात बाजारात आल्या. त्याची कारकीर्द दहा वर्षं चालली तर ३२०. प्रत्येक प्लेट एकमेव, पण खेळाडूच्या सहीची प्लेट ही चीज काही एकमेव राहत नाही.

दुर्मीळपणा आणि किंमत यांचं नातं किती सैल आहे हे पाहायचं तर मिकी मँटलचं १९५२चं टॉप्स कार्ड घ्या. त्याच्या ग्रेड झालेल्या, म्हणजे तपासून दर्जाचा आकडा मिळालेल्या, प्रती हजाराहून जास्त आहेत, तरी त्यातली एसजीसी या ग्रेडिंग कंपनीने दहापैकी ९.५ दर्जा दिलेली प्रत ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरना गेली. त्यामागे सत्तर वर्षांत साठलेली मागणी आहे. सहीच्या प्लेटच्या बाबतीत हे उलटं असतं. नग एकच, आणि तो हवा असणारेही बऱ्याचदा दोन-तीनच.

कोण असतात हे दोन-तीन जण? एक म्हणजे 'रेनबो' जुळवणारा. त्याला एकाच कार्डाची सगळी रंगरूपं हवी असतात आणि चार प्लेट्सशिवाय त्याचा रेनबो अपुरा राहतो. दुसरा म्हणजे एकाच खेळाडूचं सगळं साठवणारा. तिसरा संघाचा भक्त. यापलीकडे गिऱ्हाईक विरळ. लिलावात यातले दोघे एकाच आठवड्यात समोरासमोर आले तर प्लेट चारशे डॉलरना जाते. एकाने नुकतीच गाडी घेतली असेल तर तीच प्लेट दीडशेला. शेअरच्या भाषेत याला तरलता नसणं म्हणतात. कार्डवाले सरळ म्हणतात, विकायला बसलात तर बसूनच राहाल.

शिवाय गेल्या काही वर्षांत १/१ची गर्दी वाढली आहे. पूर्वी १/१ म्हटलं की मुख्यतः सुपरफ्रॅक्टर किंवा प्लेट डोळ्यांसमोर यायची. आता पदार्पणाच्या सामन्यात खेळाडूच्या जर्सीवर शिवलेला पॅच थेट कार्डात येतो. पॉल स्कीन्सचं असं सहीचं एकमेव कार्ड मार्च २०२५ मध्ये ११ लाख १० हजार डॉलरना विकलं गेलं. त्याच्या शेजारी राखाडी पत्र्यावरचं फिकट पिवळं चित्र ठेवा. ज्याच्याकडे पैसा आहे तो कशाकडे वळेल हे सांगायला नको. प्लेटला सुपरफ्रॅक्टरची झळाळी नाही आणि पॅचची गोष्टही नाही. ५ प्रतींचं रेड रिफ्रॅक्टर, म्हणजे लाल चमकीचं कार्डसुद्धा बहुतेक वेळा प्लेटपेक्षा महाग जातं, कारण ते दिसायला देखणं असतं.

मग घ्यायच्याच असतील तर कोणत्या? अटी तीन आहेत आणि तिन्ही एकदम पुऱ्या व्हायला हव्यात: खेळाडूचं योग्य कार्ड, योग्य प्रकारची सही, योग्य रंग.

योग्य कार्ड म्हणजे मुख्यतः बोमनमधलं पहिलं सहीचं कार्ड, ज्यावर 'फर्स्ट बोमन'ची खूण असते. खेळाडू मायनर लीगमध्ये असतानाच ते येतं आणि पुढे तो मोठा झाला तर बाजार त्याच कार्डाकडे परत जातो. माइक ट्राउटचं २००९चं बोमन क्रोम ड्राफ्टचं सहीचं सुपरफ्रॅक्टर ऑगस्ट २०२० मध्ये ३९ लाख डॉलरच्या वर गेलं, ते याच कारणाने. त्याखालोखाल पदार्पणाच्या वर्षातलं टॉप्स क्रोमचं सहीचं कार्ड. बाकी संचांतल्या प्लेट्स हौसेच्या. संघाचे लोगो नसलेली कार्डं, म्हणजे लीगचा परवाना नसलेल्या कंपन्यांची, गुंतवणूक म्हणून डोक्यातून काढूनच टाका. टोपीवर कोरं कापड दिसणारं कार्ड दहा वर्षांनी कुणी शोधत बसत नाही.

पण 'फर्स्ट बोमन' म्हणजे खेळाडूवर लावलेली पैज हेही तितकंच खरं. पिचर स्टीफन स्ट्रासबर्ग २००९च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या फेरीत, पहिला निवडला गेला. ८ जून २०१०च्या पदार्पणात त्याने १४ फलंदाज स्ट्राइकआउट केले आणि त्याची कार्डं आकाशाला भिडली. सप्टेंबरमध्ये त्याच्या कोपरावर टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली. २०१९ मध्ये तो वर्ल्ड सिरीजचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) ठरला, पुढे दुखापतींनी त्याला जवळजवळ खेळूच दिलं नाही. कारकीर्द वाईट नव्हती, पण २०१०च्या उन्हाळ्यात कार्ड घेणाऱ्याने जी कारकीर्द विकत घेतली होती ती ही नव्हे. हसोन डोमिंगेझचं उदाहरण ताजं आहे. न्यूयॉर्क यँकीज संघाने २०१९ मध्ये त्याला ५१ लाख डॉलर देऊन घेतलं आणि २०२०च्या बोमन पेट्यांचे भाव एकट्या त्याच्या नावावर चढले. १ सप्टेंबर २०२३ला पहिल्याच वेळी फलंदाजीला येऊन त्याने जस्टिन व्हरलँडरला होमरन मारला, आणि त्याच महिन्यात त्याचंही कोपर गेलं. साध्या सहीच्या कार्डात अडकलेला माणूस निदान तोटा सोसून त्याच दिवशी बाहेर पडू शकतो. प्लेटवाल्याला बातमीच्या दिवशी गिऱ्हाईकच मिळत नाही.

आता सही. ती दोन प्रकारची असते. एक म्हणजे पारदर्शक किंवा चंदेरी स्टिकरवर केलेली आणि नंतर प्लेटवर चिकटवलेली. दुसरी थेट धातूवर. थेट सहीला मान जास्त, पण प्लेट छपाई झाल्यावर कापायची, खेळाडूकडे पाठवायची, परत आणायची, एवढा वेळ कंपनीकडे नेहमी नसतो. म्हणून बऱ्याच प्लेट्सवर स्टिकरच असतो. थेट सहीतही एक अडचण आहे. कागदासारखी शाई धातूत मुरत नाही, ती वर तरंगते. अक्षरात बुडबुडे, तुटलेल्या रेषा, अंगठ्याने पुसलेलं शेपूट, हे सगळं भिंग लावून पाहा. गडद काळ्या प्लेटवर निळी शाई हरवते. तिरका प्रकाश पाडून काढलेला फोटो विक्रेत्याकडे मागा. समोरून काढलेल्या फोटोत हे दिसत नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक मात्र वेगळीच आहे: नंतर घेतलेली सही कंपनीची समजून प्लेट घेणं. काही विक्रेते सही नसलेली प्लेट स्वस्तात घेतात, सराव सामन्यात कुंपणापाशी उभं राहून खेळाडूची सही घेतात आणि 'सहीची प्रिंटिंग प्लेट १/१' म्हणून विकायला काढतात. यात खोटं काही नाही. सही खरी असू शकते, प्लेटही खरी असू शकते. पण ती कंपनीने प्रमाणित केलेली सही नव्हे आणि तिचा भाव वेगळा, बराच खालचा. ओळखायचं कसं? पाठ पाहा. कंपनीने काढलेल्या सहीच्या कार्डाच्या पाठीवर सही प्रमाणित असल्याचं वाक्य असतं. कार्डाचा क्रमांकही बोलतो. अलीकडच्या बोमन क्रोममध्ये सहीच्या कार्डांचा क्रमांक 'सीपीए' अक्षरांनी सुरू होतो, साध्या प्रॉस्पेक्ट (होतकरू खेळाडूंच्या) कार्डांचा 'बीसीपी'ने. पुढे सही आणि मागे 'बीसीपी' असेल तर सही नंतर घेतलेली आहे. अशा वेळी पीएसए, जेएसए किंवा बेकेट या तपासणी कंपन्यांचं सहीचं प्रमाणपत्र नसेल तर ती प्लेट बिनसहीची समजूनच भाव करा.

प्लेट मुळात खरी आहे का, हे तपासायला दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरेसं आहे. खऱ्या प्लेटवर एकाच रंगाचे ठिपके ओळीत मांडलेले दिसतात. उजळ भागात बारीक, गडद भागात मोठे, आणि ओळी ठरावीक कोनात. पारंपरिक मांडणीत काळ्याचा कोन ४५ अंश, पिवळ्याचा ० किंवा ९०, सायन आणि मॅजेन्टाचे १५ आणि ७५. घरगुती यंत्राने ॲल्युमिनियमवर छापलेल्या नकलेत ठिपके विस्कटलेले दिसतात आणि 'सायन' म्हटलेल्या चित्रातही लाल-पिवळे कण सापडतात. काही संचांत ठिपक्यांची ही कोनबद्ध मांडणी वापरलेली नसते, म्हणून त्याच संचातली दुसरी खरी प्लेट शेजारी ठेवून पाहणं उत्तम. अक्षरं सुलट असल्याचं पाहून घाबरू नका. ऑफसेटमध्ये पत्र्यावरचं चित्र आधी रबरी ब्लँकेटवर उलटं उतरतं आणि तिथून कागदावर सुलट, म्हणून प्लेट वाचता येते तशीच असते. पारदर्शक प्लॅस्टिकच्या मागच्या बाजूने छापलेल्या कार्डांची प्लेट मात्र उलटी असू शकते. नुसत्या उलटसुलटपणावरून खरं-खोटं ठरवू नका.

रंगाचं थोडक्यात. काळ्या प्लेटवर रेषा, सावल्या, नाव सगळं ठसठशीत येतं, म्हणून तिला मागणी जास्त. पिवळी सगळ्यात फिकट, दुरून कोरा पत्राच वाटते. सायनमध्ये चेहरा पुसट येतो, कारण त्वचेच्या रंगात मॅजेन्टा आणि पिवळा जास्त असतो. निळ्या गणवेशाचा संघ असेल तर तीच सायन उठून दिसते. फक्त फोटो पाहून 'चारही सारख्याच' असं गृहीत धरून काळीच्या भावाने पिवळी घेऊ नका.

भाव ठरवायचा कसा, हा खरा कसोटीचा भाग. एकमेव वस्तूची आधीची विक्री नसते, असली तर ती दोन वर्षं जुनी. म्हणून गुणोत्तराने जायचं. ईबेवर 'विकले गेलेले' ही गाळणी लावून त्याच खेळाडूच्या त्याच संचातल्या साध्या सहीच्या कार्डाच्या गेल्या ९० दिवसांतल्या विक्री काढा आणि मधला आकडा घ्या. सरासरी नको, एखादी वेडी बोली तिला फिरवते. मग त्याच संचातल्या, साधारण त्याच वकुबाच्या आणखी पाच-सहा खेळाडूंच्या सहीच्या प्लेट्स त्यांच्या साध्या सहीच्या किती पट गेल्या ते पाहा. समजा साधी सही ६० डॉलर आणि इतरांच्या प्लेट्स चार ते सहा पट गेल्या असतील, तर तुमची प्लेट २४० ते ३६० डॉलरची. मागणारा ९०० सांगत असेल तर ते त्याचं स्वप्न आहे. मागितलेले भाव पुरावा नसतात, विकलेले असतात. ईबेवर 'ऑफर स्वीकारली' असं दिसलं की खरा आकडा लपलेला असतो. तो १३०पॉइंट या संकेतस्थळावर बहुधा सापडतो.

आता खर्च. इथेच बहुतेकांचा हिशेब फसतो, कारण कुणी तो शेवटपर्यंत करत नाही. चारशे डॉलरची प्लेट घेतली, वर राज्याचा विक्रीकर ८ टक्के धरला तर हातातून ४३२ गेले. दीड वर्षाने ती ६००ला विकली. भाव दीडपट झाला, आनंदच आहे. पण ईबे आपलं कमिशन गिऱ्हाईकाने दिलेल्या करासकट एकूण रकमेवर लावतं. गिऱ्हाईकाने ६४८ दिले, त्यावर सव्वातेरा टक्क्यांनी सुमारे ८६ गेले. विमा उतरवून टपाल १५. हातात उरले ४९९, म्हणजे नफा ६७. अमेरिकेत संग्राह्य वस्तूंवरचा दीर्घकालीन भांडवली नफा शेअरसारखा १५ किंवा २० टक्क्यांवर थांबत नाही, २८ टक्क्यांपर्यंत कर लागू शकतो. तो जास्तीत जास्त धरला तर आणखी १९ गेले. उरले ४८. भाव ५० टक्के वाढला आणि खिशात दीड वर्षात ११ टक्के आले. याच हिशेबाने नुसतं बरोबरीत सुटायला ४००ची प्लेट ५२२ला विकावी लागते. वर्षाच्या आत विकली तर नफा साध्या उत्पन्नात धरला जातो. आणि प्लेटच्या बदल्यात दुसरं कार्ड घेतलं तर कर चुकतो असं समजणारे अजून भेटतात. २०१८ पासून 'सारख्याला सारखं' ही सवलत फक्त स्थावर मालमत्तेपुरती उरली आहे, अदलाबदल हीसुद्धा विक्रीच धरली जाते.

मोठ्या लिलावघराकडे द्यायची तर गिऱ्हाईकाला बोलीवर २० टक्के किंवा थोडा अधिक प्रीमियम भरावा लागतो. तो बोली लावतानाच ते वजा करतो, म्हणजे भार शेवटी विकणाऱ्यावरच. पाचशे-हजारच्या प्लेटसाठी हा रस्ता नको.

ग्रेडिंगवर पैसे घालताना हात आखडता ठेवा. दुसऱ्या कार्डांत दहाचा आकडा भाव दुप्पट करतो, कारण त्याच कार्डाच्या नऊ आणि आठच्या प्रती असतात. प्लेटला तुलनाच नाही. पत्रा कापताना कडा जरा खरखरीत राहते, चित्र मध्यापासून सरकतं, छपाईचे ओरखडे असतात. घेणारे ते गृहीत धरतात. स्लॅबचा, म्हणजे ग्रेडिंग कंपनीच्या सीलबंद प्लॅस्टिक डबीचा, उपयोग एकच: सही आणि पत्रा दोन्ही एका कवचात सुरक्षित राहतात आणि खरेपणावर शिक्का बसतो. पाठवण्याआधी कंपनी त्या संचाची प्लेट घेते का आणि आकडा देते की नुसतं 'अस्सल' लिहिते, हे विचारून घ्या.

चारही रंग एकत्र जमवले तर भाव वाढतो का? वाढतो, पण गोळा करणाऱ्याला तो क्वचितच मिळतो. पहिल्या तीन स्वस्तात येतात. चौथी ज्याच्याकडे आहे त्याला कळतं की तुमच्याकडे तीन आहेत, आणि तो हवा तो भाव सांगतो. तीनशे-तीनशेच्या तीन घेऊन चौथीला बाराशे मोजले तर चौकडी २१०० डॉलरला पडली. ती विकताना गिऱ्हाईक पुन्हा एखादंच. जमवायच्या असतील तर काळी आधी घ्या, कारण तिचाच मालक पुढे सगळ्यात अडून बसतो, आणि चौथी मिळेपर्यंत आपल्याकडे बाकीच्या आहेत हे कुठे लिहू नका.

साठवणीत धातूचे स्वतःचे नखरे आहेत. बोटाच्या घामातले क्षार ॲल्युमिनियमवर डाग पाडतात आणि काही महिन्यांनी तो ठसा कायमचा बसतो. नायट्राइलचे हातमोजे घाला, कडेनेच धरा. धूळ दिसली तर फुंकणीने उडवा, ओला फडका नको. अल्कोहोल तर नाहीच, थेट धातूवरची सही त्याने एका पुसण्यात जाते आणि लेपही निघतो. मऊ स्लीव्हमध्ये प्लेट घालताना कोपरा प्लॅस्टिक फाडतो, म्हणून स्लीव्ह थोडी फाकवून तळाकडून सरकवा. नुसती टॉपलोडरमध्ये (कडक प्लॅस्टिकच्या पाकिटात) टाकलेली प्लेट हलत राहते आणि त्या हलण्याने स्टिकरची कड उचलली जाते. एकदा उचललेली कड बोटाने दाबून पुन्हा बसवली तर तिच्याखाली धुळीची रेघ राहते आणि पुढचा गिऱ्हाईक विचारतो, हा स्टिकर दुसरीकडून काढून लावलाय का? पत्रा वाकला तर सरळ होत नाही, मोड दिसतेच. म्हणून टपालात पाठवताना टॉपलोडरच्या दोन्ही बाजूंना प्लेटपेक्षा मोठे पुठ्ठे, टेप टॉपलोडरवर नव्हे तर बाहेरच्या पिशवीवर, आणि सगळं खोक्यात. साधा लिफाफा टपालाच्या यंत्रात रुळांमधून वळून जातो, आणि ॲल्युमिनियमचा पत्रा त्या वळणाचा आकार घेऊनच बाहेर येतो.